कांचेची खोबण

मोटारीच्या दाराची कांच खालींवर करणें ही इतकी क्षुल्लक गोष्ट आहे कीं, तिच्यावर कोणी निबंध लिहावा याचें आमच्या बालवाचकांस नवल वाटेल. मूठ फिरविली कीं कांच खालीं जाते, उलट फिरविली कीं वर येते. त्यांत लिहिण्यासारखें तें काय? २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत आम्हांसही असेंच वाटत होतें. परंतु त्या उन्हाळ्यांत एका जुन्या मोटारीचें दार आम्हीं आपल्या हातांनीं उघडलें, आणि त्या दाराच्या पोटांत पन्नास वर्षें पडून राहिलेली आमचीच एक गोष्ट आमच्या हातीं लागली. तीच आज सांगावयाची आहे.

ही मोटार आमच्या वडिलांची. त्यांस आम्ही आबा म्हणतों. कोल्हापुरांत ते डॉक्टरीचा व्यवसाय करीत, आणि १९६६ सालीं त्यांनीं ही फियाट गाडी दुसऱ्या हातची म्हणून विकत घेतली. इटलींतील फियाट कारखान्यानें हा नमुना १९५३ सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें मांडला. एंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, म्हणून तिकडे तिला ‘मिलेचेन्तो’, म्हणजे ‘अकराशें’, म्हणत. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९५४ पासून त्या आपल्या देशांत तयार होऊं लागल्या. तिची गोल पाठ आणि फुगीर गाल पाहून आपल्या लोकांनीं तिचें बारसें ‘डुक्कर फियाट’ असें केलें; आणि तें नांव असें चिकटलें कीं खरें नांव पुष्कळांस ठाऊकही नसतें. तिचीं पुढचीं दारें उलट्या बाजूनें उघडतात; बिजागऱ्या मागें, कडी पुढें. आमची गाडी १९५५ सालची. १९९१ पासून ती घरामागील पत्र्याच्या छपराखालीं उभी होती.

पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांची निराळी नोंदणी करण्याचा नियम केंद्र सरकारनें २०२१ सालीं केला. तेव्हांपासून ही गाडी पुन्हां रस्त्यावर आणावी असें आमच्या धाकट्या बंधूंच्या मनांत होतें. एंजिन, ब्रेक, विजेच्या तारा हीं कामें जाणत्या कारागिरांकडे गेलीं. दारें मात्र आम्हीं अंगावर घेतलीं. आम्ही नुकतेच नोकरींतून निवृत्त झालेलों. आणि बंधूंची कन्या, याच शाळेंत नववींत शिकणारी आमची पुतणी, हिला उन्हाळ्याची सुट्टी. दोघांनाही हाताला काम हवें होतें.

मोटारीचें दार बाहेरून भरीव दिसलें तरी आंतून पोकळ असतें. पत्र्याच्या दोन भिंतींमध्यें कांचेला उतरण्यापुरती जागा ठेविलेली असते. कांचेच्या दोन्ही उभ्या कडांस व वरच्या चौकटीस लोखंडी खोबण असते. कारागीर तिला चॅनेल म्हणतात. कांच या खोबणींतून सरकते. परंतु कांच कठीण आणि लोखंडही कठीण. दोन कठीण वस्तू एकमेकींवर घासूं लागल्या तर एकीला इजा व्हावयाचीच. म्हणून खोबणीच्या आंत लोकरीचें फेल्ट, म्हणजे आपला नमदा, बसवितात. घोंगडी मागावर विणतात. नमदा विणीत नाहींत. लोकरीच्या केसावर डोळ्यांस न दिसणारे बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला म्हणजे ते खवले एकमेकांत गुंततात आणि केसांची एकजीव गादी तयार होते. घोड्याच्या खोगिराखालीं पूर्वी नमदा घालीत, तो घोड्याची पाठ सोलूं नये म्हणून. मोटारीच्या खोबणींतला नमदाही तेंच करितो. तो कांचेला धरतो, पण आवळीत नाहीं, खडखडाट गिळतो, वारा व धूळ अडवितो. गाडींत बसणाऱ्या माणसास तो कधीं दिसत नाहीं. तो गेला म्हणजे मात्र त्याचें महत्त्व पहिल्याच खड्ड्यांत कळतें.

आम्हीं डाव्या बाजूचें पुढचें दार प्रथम घेतलें. त्या दाराची कांच पन्नास वर्षांत हललेली नव्हती. घरांतील सर्वांना एवढेंच ठाऊक होतें कीं, ‘ती कांच उघडत नाहीं.’ आम्हांला अधिक ठाऊक होतें. पण तें आम्हीं स्वतःपासूनही दूर ठेविलें होतें.

आधीं मूठ काढावी लागते. जुन्या गाड्यांत ती बहुधा एका बारीक खिळीनें दांड्यास जखडलेली असते. मुठीखालची वाटोळी चकती आंत दाबली कीं ती खिळी दिसते. मग आंतला अस्तराचा पुठ्ठा हलक्या हातानें उचकटावयाचा. पुतणीनें विजेरी धरली आणि आम्हीं दाराच्या पोटांत डोकावून पाहिलें. कांचेखालीं लांकडाची एक पाचर ठोकलेली होती. नमद्याची दशा तर पाहवत नव्हती. निम्मा कसरीनें खाल्लेला. उरलेल्यानें वर्षानुवर्षें ओल धरून ठेविल्यामुळें मागचा पत्रा गंजलेला. दारांत थोडेंबहुत पाणी शिरावयाचेंच, म्हणून तळाशीं तें वाहून जाण्यास बारीक भोंकें ठेवितात. तींही मातीनें बुजून गेलीं होतीं. पाचर काढून कांच तिरपी करीत आम्हीं ती वर उचलून घेतली. या कांचेला फार जपावें लागतें. बाजूची कांच बहुधा तापवून एकदम थंड केलेली असते. तिच्या कडेला मोठा आघात बसला तर सबंध कांचेचा भुगा होतो, आणि एकदां तयार झाल्यावर ती कापतांही येत नाहीं.

खोबण मोकळी झाली तेव्हां पुतणी म्हणाली, “काका, हें पाहा ना. इथें खोबणीचा कांठ वांकला आहे, आणि आंत कांहींतरी रुतलें आहे.” तिनें चिमट्यानें तें ओढून काढलें. अर्धा इंच लांबीचें, गंजलेलें, चपटें टोक. तिनें तें तळहातावर घेतलें. “हें पेचकसाचें टोक आहे! कोणी बरें मोडलें असेल?”

आम्हीं म्हटलें, “राहिलें असेल कोणा मिस्त्रीचें.”

वाचकहो, हें वाक्य आमच्या तोंडून इतक्या सहज बाहेर पडलें कीं, विचार करावयास क्षणही लागला नाहीं. बासष्टाव्या वर्षीं आम्हीं तेंच केलें, जें बाराव्या वर्षीं केलें होतें.

१९७४ सालचा जुलै महिना होता. आम्ही तेव्हां याच शाळेंत सातवींत शिकत होतों. शिवाजी उद्यमनगरांत आबांचे एक मिस्त्री होते. तिशीचे, मितभाषी, हाताचे फार स्वच्छ. त्यांनीं या दारांत नवा नमदा घातला आणि आमच्या समक्ष आबांना बजावलें होतें, “नवा नमदा हाय, साहेब. चार दिवस कांच हळूं फिरवा. जोर करूं नका. मग आपोआप मोकळी हुईल.” परंतु आम्हांला कोठला धीर! पाऊस कोसळत होता, आणि कांच खालीं करून हात बाहेर काढावयाचा होता. मूठ जड लागली. आम्हीं हत्यारांच्या पेटींतून पेचकस आणला, कांच आणि नमदा यांच्यामध्यें खुपसला आणि खोबण रुंद करण्यासाठीं दाबला. ‘कट्’ असा आवाज झाला. पेचकस बाहेर आला तो टोकावांचून. कांच मात्र कशीबशी सरकली, म्हणून आमचें भागलें असें आम्हांस वाटलें. मोडका पेचकस दुसऱ्या दिवशीं आम्हीं रंकाळ्यांत टाकून दिला.

त्या रविवारीं सर्व मंडळी पन्हाळ्यास निघाली. पुढें डाव्या बाजूला आजी बसली होती. वाघबिळाच्या चढावर तिला मळमळूं लागलें, म्हणून तिनें कांच खालीं घेतली. ती अर्ध्यावर आली आणि अडकली. पन्हाळ्याचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस पुढचें सांगावयास नको. वर येईना, खालीं जाईना; आणि आजी डोक्यापासून पायापर्यंत भिजली. तिला आठ दिवस ताप होता. आबा स्वतः डॉक्टर, तरी त्या आठ दिवसांत त्यांच्या तोंडचें पाणी पळालें होतें.

आजी उठून बसली त्याच सायंकाळीं आबा उद्यमनगरांत गेले. आम्ही गाडींत बसलों होतों. दोन गिऱ्हाइकें आणि चार कामगार यांच्या देखत आबा मिस्त्रींना जें बोलले तें आम्हीं शब्दशः ऐकलें. मिस्त्री एवढेंच म्हणाले, “साहेब, मी सोता बघून बसवलं हुतं. एकडाव दार उघडून बघूं द्या.” आबांनीं दार उघडूं दिलें नाहीं. दुसऱ्या एका कारागिराकडून त्यांनीं कांच वर ओढून खालून पाचर ठोकून घेतली, आणि त्या दुकानाचें तोंड पुन्हां पाहिलें नाहीं. आबांचे दोन डॉक्टर मित्रही त्या मिस्त्रींकडे जाईनासे झाले. आम्ही गाडींत बसून होतों. दार उघडून दहा पावलें चालण्याचें काम होतें. तें आमच्यानें झालें नाहीं.

पेचकसाचें टोक सांपडल्यावरही आम्ही दोन दिवस गप्प बसलों. हात मात्र चालू होते. तारेच्या कुंच्यानें गंज खरवडला, तळाचीं भोंकें मोकळीं केलीं, पत्र्याला तांबडा रेडऑक्साईड लावला आणि खोबणीचा वांकलेला कांठ लांकडी ठोकळा धरून हलकेच सरळ केला. मग बाजारांतून आणलेलें चार मिलिमीटर जाडीचें फेल्ट कापून आंत चिकटविलें. चिकटविण्याची रीत अशी कीं, डिंक दोन्ही अंगांस पातळ लावावा, थोडा सुकूं द्यावा, आणि मगच दाबावें. कांचेच्या बाजूस डिंकाचा थेंबही लागूं देऊं नये. हें सारें आम्हीं नीट केलें. तिसऱ्या दिवशीं कांच बसविली, मूठ लावली आणि फिरविली. कांच चार बोटें सरकली आणि ठप्प झाली.

पुतणी म्हणाली, “काका, पेचकसानें थोडी खोबण फांकवूं का?”

“नको!” आम्ही असे ओरडलों कीं तिच्या हातांतली विजेरी खालीं पडली. मग आम्ही तेथेंच जमिनीवर बसलों आणि तिला सर्व हकीकत सांगितली. परवां तिच्याशीं खोटें बोललों तेंही. तिनें सर्व ऐकून घेतलें. तिनें आम्हांस दोष दिला नाहीं, कीं आमचें सांत्वनही केलें नाहीं. तिनें एकच प्रश्न विचारला, “आजोबांना ठाऊक आहे का हें?”

त्याच रात्रीं आम्ही आबांच्या खोलींत गेलों. आबांचें वय अठ्ठ्याऐंशी. कान मंद झाले आहेत, म्हणून असली गोष्ट हळूं आवाजांत सांगण्याचीही सोय नव्हती. मोठ्यानें सांगावी लागली. आबा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. आम्हांस वाटलें, त्यांस ऐकूं आलें नसावें. मग ते म्हणाले, “तो म्हणत होता, एकदां दार उघडून पाहूं द्या. मीं पाहूं दिलें नाहीं. तूं तर पोर होतास, बाळ. मी काय होतों?” थोड्या वेळानें म्हणाले, “तो आहे का अजून? असला तर उद्यां मला तिकडे घेऊन चल.”

मिस्त्री होते. ऐंशीच्या घरांत आले आहेत. दुकान मुलगा पाहतो. डोळ्यांना कमी दिसतें, पण आवाजावरून त्यांनीं आबांना ओळखलें. “डॉक्टरसाहेब! ह्या वयांत कशाला आलासा? निरोप धाडायचा.” त्यांनीं स्वतः खुर्ची पुसली. आबा खुर्चीवर बसले नाहींत. उभ्यानेंच म्हणाले, “माझें चुकलें, मिस्त्री. काम तुमचें चांगलें होतें.” मग आम्हीं आमचें सांगितलें. दुकानांत त्या दिवशींही गिऱ्हाइकें होतीं, कामगार होते. सर्वांच्या देखत सांगितलें, कारण तें सर्वांच्या देखतच सांगावयास हवें होतें.

आमची समजूत अशी होती कीं, मिस्त्री एकतर रागावतील, नाहींतर ‘झालें तें झालें’ म्हणून हंसतील. त्यांनीं दोन्ही केलें नाहीं. ते म्हणाले, “काम माझं बराबर हुतं, ह्ये मला ठावं हुतं. पर तुम्ही बोललासा, आनि माझा माझ्यावरचा इस्वास गेला. म्होरं दोन वरसं कुनाच्या बी गाडींत फेल्ट बसवलं, कीं रातच्याला जाग यायची. नीट बसलं आसंल का? आज समजलं. बरं झालं.” आणि चहा सांगितला.

गिऱ्हाईक गेलें, पैसा बुडाला, हें आम्हीं पन्नास वर्षांत कधींतरी मनांत आणलें होतें. परंतु एका कसबी माणसाचा आपल्या हातांवरचा विश्वास आम्हीं हिरावून घेतला होता, हें आम्हांस कधीं सुचलेंही नव्हतें.

चहा पितांना मिस्त्रींनीं विचारलें, “आतां कितीचं फेल्ट घातलंसा?” आम्हीं सांगितलें, चारचें. “खोबण किती? कांच किती?” आम्हीं मोजमाप लिहून ठेविलें होतें: खोबणीची आंतली रुंदी ११ मिलिमीटर, कांचेची जाडी ५. मिस्त्री पुतणीकडे वळून म्हणाले, “पोरी, तूं सांग. दोन बाजूला चार-चार गेलं, मग उरलं किती?” ती म्हणाली, “तीन.” “आनि तीनमदीं पांचची कांच बसवतासा व्हय! तिनाचं फेल्ट घ्या. नमद्यानं कांचेला नुसतं शिवावं. दाबाया न्हाई पाहिजे.” नववींतल्या मुलीस सुटणारें हें गणित आम्हीं बाजारांत जाण्यापूर्वीं केलें नव्हतें. त्यांनीं आणखी सांगितलें कीं, वरच्या कोपऱ्यांत फेल्टचे दोन तुकडे जोडूं नयेत, एकच पट्टी वळवून न्यावी, नाहींतर जोडाशीं कांच अडते. खोबणींत तेल कधीं घालूं नये, त्यानें धूळ बसते. जड वाटलें तर चिमूटभर शंखजिरें फिरवावें.

आम्हीं सारें उचकटून पुन्हां केलें. चार दिवस गेले. पुतणीनें मूठ फिरविली. कांच थोडी जड, पण सरळ, खालपर्यंत गेली आणि वर आली. खडखडाट मुळींच नाहीं. आम्हीं तिला म्हटलें, “नवा नमदा आहे. चार दिवस हळूं फिरव.” आणि हें वाक्य कोणाचें, तें आमच्या लगेच ध्यानांत आलें.

गाडी पुरी होऊन रस्त्यावर आली तेव्हां पावसाळा लागला होता. पहिल्या फेरीस आबांनीं मिस्त्रींना बोलाविलें आणि आजीच्या जागीं, पुढें डावीकडे, बसविलें. बंधूंनीं गाडी हांकली. आम्ही तिघें मागें. वाघबिळापाशीं पाऊस आला. मिस्त्रींनीं मूठ फिरविली, कांच पूर्ण खालीं घेतली आणि हात बाहेर काढला. मग पुन्हां मूठ फिरवून कांच वर घेतली, अंगठ्यानें खोबणीची कड चांचपली आणि म्हणाले, “वरल्या कोपऱ्यांत जरा टाईट हाय. एवढं सैल करा.” आबा मोठ्यानें हंसले. त्यांस ऐकूं आलें होतें.

तें गंजलेलें टोक पुतणीनें आपल्या कंपासपेटींत ठेविलें आहे. कां, तें आम्हीं विचारलें नाहीं.

या वार्षिकांत लिहिण्याविषयीं शाळेकडून सुचविलें गेलें, तेव्हां हीच गोष्ट लिहावी असें आम्हीं ठरविलें; कारण ती या शाळेच्या एका विद्यार्थ्याच्या हातून घडली होती. बालमित्रहो, हातून वस्तू मोडली तर ती त्याच दिवशीं घरीं सांगा. त्या दिवशीं ती एका पेचकसाची गोष्ट असते. रागावणेंही तेवढ्याचपुरतें असतें. आणि पालकांना आमची विनंति एवढीच कीं, कोणा कारागिराला बोल लावण्यापूर्वीं, तो म्हणत असेल तर, एकदां दार उघडून पाहूं द्यावें.